मोबाइलवरून लैंगिक छळ होत असेल तर: आधी पुरावा, मग ब्लॉक, मग तक्रार

"मी सगळं डिलीटच करून टाकलं न ताई, आता मोबाइलमध्ये काहीच नाही," असे ती सुटकेच्या सुरात म्हणाली, तेव्हा तिच्यासमोर तक्रार लिहिण्यासाठीचा कोरा कागद होता. गोंदिया जिल्ह्यातून शिकायला आलेली ही मुलगी नागपुरात सक्करदऱ्याजवळ मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होती. स्पर्धा परीक्षेच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून कोणीतरी तिचा नंबर उचलला आणि अडीच महिने तो तिला रात्री-अपरात्री अश्लील फोटो आणि मजकूर पाठवत राहिला. एका रात्री तिने वैतागून सगळी चॅट पुसली आणि नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या दिवशी नव्या नंबरवरून पुन्हा मेसेज आले. अडीच महिन्यांच्या त्रासापैकी दाखवता येण्याजोगे त्या दिवशी तिच्याकडे नव्या नंबरवरचे दोनच मेसेज उरले होते. तिला दोष देता येणार नाही, कारण घाण दिसली की ती आधी पुसून टाकावी असेच कोणालाही वाटते. अशा तक्रारी लिहायला मी मुलींसोबत बसते आणि हे वाक्य मला इतक्यांदा ऐकावे लागले आहे की, पुढचे सगळे सांगण्याआधी एकच विनंती करते: काहीही पुसू नका.

पुसण्याआधी काय करावे

व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मोबाइलमध्येच वाचता येतो. मेसेज पोहोचला की कंपनीकडे त्याची वाचता येण्यासारखी प्रत राहत नाही. त्यामुळे पोलिसांनी कायदेशीर मागणी केली तरी कंपनीकडून खात्याचा नोंदणी क्रमांक, आयपी पत्ता अशी माहिती मिळू शकते; त्याने काय लिहिले ते मात्र मिळत नाही. तो मजकूर फक्त तुमच्या आणि त्याच्या मोबाइलमध्ये असतो, आणि तो त्याच्याकडचा मजकूर जपून ठेवील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवणाऱ्याला सुमारे दोन दिवसांपर्यंत तो 'सर्वांसाठी डिलीट' करता येतो, तर टेलिग्रामवरच्या खासगी चॅटमध्ये समोरचा माणूस कितीही जुने मेसेज दोन्ही बाजूंनी पुसू शकतो. म्हणून सकाळी बघू असे म्हणू नका. ज्या रात्री मेसेज आला त्याच रात्री तो टिपून ठेवा.

स्क्रीनशॉट घेताना बहुतेकांची एक चूक होते. नंबर 'ट्यूशनवाले सर' अशा नावाने सेव्ह केलेला असतो आणि मग प्रत्येक स्क्रीनशॉटवर तेवढेच नाव दिसते. नंबर कुठेच दिसत नाही. त्यासाठी चॅटच्या वर असलेल्या नावावर बोट ठेवावे, माहितीचे पान उघडावे, आणि ज्यात पूर्ण नंबर, डीपी आणि 'अबाउट'मधील मजकूर दिसतो त्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्यावा. त्यानंतर चॅटमध्ये मागे जाऊन पहिल्या मेसेजपासून तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने एकेक पडदा टिपावा, प्रत्येक चित्रात आधीच्या चित्रातील शेवटची एक-दोन वाक्ये पुन्हा येऊ द्यावीत, म्हणजे मधले काही गाळले असा आक्षेप कोणाला घेता येणार नाही. स्क्रीनशॉट कापू नये, त्यावर लाल गोल काढू नये, तुमची स्वतःची उत्तरेही लपवू नयेत. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून नंबरच्या पानापासून चॅटच्या शेवटापर्यंत सावकाश सरकवत गेलात तर आणखी चांगले. त्याखेरीज 'एक्सपोर्ट चॅट' हा पर्याय वापरून संपूर्ण संभाषण फोटोंसह स्वतःच्या ई-मेलवर पाठवता येते.

एकदाच पाहता येणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप घेऊ देत नाही. तो उघडण्याआधी दुसरा मोबाइल हाताशी ठेवा आणि पडद्याचाच फोटो काढा. ठरावीक मुदतीनंतर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय त्याने सुरू केली असेल, तर तुमच्याकडे २४ तास असतील, ७ दिवस असतील किंवा ९० दिवस. ती मुदत चॅटमध्येच लिहिलेली असते. इन्स्टाग्रामवर खात्याचे नाव कधीही बदलता येते, म्हणून नावाबरोबर त्या प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. टेलिग्रामवर नंबर लपवलेला असला तर युजरनेम टिपा.

मोबाइलमधले फोटो घरातल्या सामायिक संगणकावर किंवा भावाच्या टॅबवर आपोआप जात असतील, तर स्क्रीनशॉट घेण्याआधी ती सोय बंद करा. हे सुचवण्याचे कारण असे की, घरी सांगायचे की नाही आणि केव्हा सांगायचे हे ठरवण्याचा तुमचा हक्क अशा एखाद्या फोटोमुळे हिरावला जाऊ नये. मैत्रिणींच्या ग्रुपवर ते फोटो पुढे पाठवू नका. तुमचा हेतू कितीही सरळ असला तरी अश्लील मजकूर प्रसारित केल्याचा प्रश्न तुमच्यावरच उलटू शकतो.

या सगळ्याला एक गंभीर अपवाद आहे. ज्या फोटोत किंवा व्हिडिओत १८ वर्षांखालील मूल आहे, त्याच्या प्रती काढू नका, कोणालाही पाठवू नका, अगदी पुरावा म्हणूनही नाही. असा मजकूर बाळगण्याबद्दल पोक्सो कायदा, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, कडक आहे. तो मोबाइल जसा आहे तसा घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा.

मोबाइलच्या शेजारी एक वहीही ठेवा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवरून काय आले, त्या वेळी तुम्ही कुठे होता आणि ते कोणाला दाखवले, एवढे चार-पाच शब्दांत लिहित जा. सहा महिन्यांनी जबाब देताना याच वहीचा आधार मिळतो, कारण भीतीच्या काळातल्या तारखा डोक्यात नीट राहत नाहीत.

उत्तर द्यावे का

ओळखीचा माणूस असेल, म्हणजे वर्गातला मुलगा, शेजारी, नात्यातला कोणी, ऑफिसमधला सहकारी, तर एकदा आणि एकदाच स्पष्ट लिहावे: "तुमचे असे मेसेज मला नको आहेत. यापुढे मला मेसेज किंवा कॉल करू नका." या वाक्याला कायद्यात किंमत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाची जी व्याख्या आहे, तीत स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शवल्यानंतरही वारंवार संपर्क साधणे हा मुद्दा आहे, आणि स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणेही त्यात येते. तुमचे ते एक वाक्य तारखेसह चॅटमध्ये राहिले की, नंतरचा प्रत्येक मेसेज त्याच्या विरोधात जातो. "प्लीज", "दादा", "सॉरी पण" असे काही त्यात घालू नका. आपल्याकडे मुलींना नकारही गोड शब्दांत द्यायला शिकवलेले असते, आणि त्या गोड शब्दांचा अर्थ पुढे वकील वेगळा लावतात. त्यानंतर गप्प राहा. शिवीगाळ करू नका, त्याला अद्दल घडवण्यासाठी खोटे अकाउंट काढू नका, भावाला त्याच्या घरी पाठवू नका.

अनोळखी माणूस असेल किंवा फोटो पसरवण्याची धमकी देणारा असेल, तर एका शब्दाचेही उत्तर देण्याची गरज नाही.

ब्लॉक, रिपोर्ट आणि पसरलेला फोटो

पुरावा सुरक्षित झाल्यावर ब्लॉक करायला हरकत नाही. ज्यांना रोज नवा मेसेज वाचण्याचा त्रास सोसवत नाही, त्यांनी पुराव्यासाठी म्हणून तो सोसत बसू नये. व्हॉट्सॲपवर 'रिपोर्ट' केल्यास त्या नंबरवरून तुम्हाला आलेले शेवटचे ५ मेसेज कंपनीकडे जातात आणि समोरच्याला ते कळत नाही. रिपोर्ट करताना चॅट पुसून टाकण्याचा पर्यायही पडद्यावर येऊ शकतो. तिथे घाईने होकार देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन ग्रुपमध्ये कोण सामील करू शकते, डीपी आणि 'लास्ट सीन' कोणाला दिसावे, हे 'माझे संपर्क' एवढ्यापुरते ठेवा आणि अनोळखी नंबरचे कॉल मूक करा. क्लास, सोसायटी, पारायण मंडळ अशा मोठ्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर प्रत्येक सदस्याला दिसतो. अशा ग्रुपच्या ॲडमिनना मला एवढेच सांगायचे आहे की, एखाद्या मुलीने तक्रार केली तर "ग्रुपचे नाव खराब होईल" असे म्हणू नका; त्या सदस्याचा नंबर आणि तो ग्रुपमध्ये केव्हा आला ते तिला लिहून द्या.

तुमचा खासगी फोटो, किंवा तुमचा चेहरा लावून बनवलेला खोटा फोटो, एखाद्या ॲपवर टाकला गेला असेल, तर त्या ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. असा मजकूर हटवण्याचे बंधन माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ ने कंपन्यांवर घातले, आणि त्या वेळी तक्रारीनंतर २४ तासांची मुदत ठरवली होती. बनावट फोटोही त्यात येतात. हटवण्याआधी लिंक आणि स्क्रीनशॉट घेतलेला असावा. हटवलेल्या मजकुराची नोंद तपासासाठी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधनही त्याच नियमांत आहे, म्हणून पोलिसांकडे जायला सहा महिने लावू नका. फोटो अजून पसरलेला नाही, पण पसरेल अशी भीती आहे, अशा वेळी 'स्टॉप एनसीआयआय' ही विनामूल्य सेवा उपयोगी पडते. ती तुमच्याच मोबाइलवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार करते आणि तेवढा ठसाच सहभागी कंपन्यांना देते. फोटो तुमच्या हातातून बाहेर जात नाही. ही सेवा १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. त्याखालील वयासाठी 'टेक इट डाउन' नावाची तशीच सेवा आहे.

पैसे मागितले तर

व्हिडिओ कॉल येतो, उचलताच समोर एक विवस्त्र बाई दिसते, काही सेकंदांत कॉल कटतो आणि लगेच त्या कॉलचे रेकॉर्डिंग तुमच्या चेहऱ्यासह तुम्हाला येते. त्यानंतर पैशांची मागणी. पैसे दिले तर दुसऱ्या दिवशी "पोलीस अधिकारी" म्हणून आणखी एक माणूस बोलतो आणि अटक टाळायची असेल तर आणखी पैसे भरा म्हणतो. यात अडकणारे बहुतेक पुरुष असतात, कॉलेजच्या मुलांपासून सेवानिवृत्त गृहस्थांपर्यंत, आणि लाजेपोटी ते कोणाकडेच जात नाहीत. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, पैसे देऊ नका. एकदा दिलेल्याकडे पुन्हा मागतात, हा यांचा धंदाच आहे. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. फेसबुकवरील मित्रयादी लपवा आणि जवळच्या दोघा-तिघांना स्वतःच सांगून टाका. त्यांना आधीच माहीत असेल, तर त्याच्या धमकीत दम उरत नाही. न्याय संहितेतील लैंगिक छळाची कलमे ७५, ७८ आणि ७९ स्त्रियांच्या संरक्षणासाठी असली, तरी त्याच संहितेतील खंडणीचे कलम ३०८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ ई, ६७ व ६७ अ पुरुषांनाही लागू आहेत.

तक्रार कुठे आणि कशी

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांसंबंधीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. तिथे काही प्रकारच्या तक्रारी नाव न देता करता येतात, पण त्यांचे पुढे काय झाले ते पाहता येत नाही. आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन केलेल्या तक्रारीला पोच क्रमांक मिळतो आणि तिचा माग ठेवता येतो. स्वतःच्या छळाची तक्रार असेल तर हा ओटीपीचा मार्ग धरा. जिवाला धोका वाटत असेल तर ११२, महिला मदतीसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८.

नागपूर शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे, आणि स्त्रियांसाठी भरोसा सेल आहे, जिथे समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि पोलीस मदत एका छताखाली मिळते. पण तिथेच गेले पाहिजे असे नाही. सीताबर्डी असो, जरीपटका असो की हिंगणा, जवळचे कोणतेही पोलीस ठाणे तुमची फिर्याद घेऊ शकते. "तुमचे गाव भंडाऱ्यात आहे, तिकडे जा", "आरोपी पुण्याचा दिसतो" किंवा "हे सायबरचे आहे" असे ऐकावे लागले, तर शांतपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवता येते. यालाच शून्य एफआयआर म्हणतात. त्याच कलमात असेही आहे की, लैंगिक छळ, पाठलाग, विनयभंग अशा गुन्ह्यांत स्त्री फिर्याद देत असेल तर ती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा कोणत्याही महिला अधिकाऱ्याने नोंदवावी, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही फिर्याद पाठवता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

जाताना अर्ज लिहून, दोन प्रती घेऊन जा. अर्जात भावना कमी आणि तपशील जास्त असावा. "एक माणूस मला खूप घाणेरडे मेसेज करून त्रास देतो" या वाक्यावरून ठाणेदारांना कलम ठरवता येत नाही. त्याऐवजी असे लिहा: "अमुक तारखेला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी या नंबरवरून माझ्या व्हॉट्सॲपवर पुरुषाच्या गुप्तांगाचा फोटो आला. मी त्याच रात्री त्याला असे मेसेज पाठवू नका असे कळवले. त्यानंतर पुढील तारखांना त्याने शरीरसुखाची मागणी करणारे मेसेज पाठवले." आलेले शब्द जसेच्या तसे लिहा. ते लिहिताना हात थरथरतो, हे मी जवळून पाहिले आहे. स्वतः लिहवत नसेल तर सोबत आलेल्या व्यक्तीकडून लिहून घ्या, पण "अश्लील बोलला" एवढ्यावर थांबू नका, कारण नेमक्या शब्दांवरून कलम बदलते. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध अश्लील चित्रे दाखवणे किंवा शरीरसुखाची मागणी करणे यासाठी न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये ३ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तर लैंगिक शेरेबाजीसाठी १ वर्षापर्यंत. लैंगिक कृत्याचा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ अ खाली पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली; त्याआधी घडलेल्या प्रकाराला भारतीय दंड संहितेची कलमे लागतात, म्हणून अर्जात तारखा नीट हव्यात.

अर्जासोबत स्क्रीनशॉटच्या क्रमांक घातलेल्या छापील प्रती आणि पेनड्राइव्ह द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते आणि त्यात उपकरणाचा तपशील असतो, म्हणून *#०६# डायल करून मोबाइलचा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

एका ठाण्यात मी स्वतः ऐकले आहे, "डीपी काढून टाका आणि नंबर बदला, होईल बंद." असे कोणी सांगितले तर नमते घेऊ नका. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितले. आता ३ वर्षांपासून ७ वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तसे सांगितले गेले तर चौकशी सुरू झाल्याची तारीख लिहून घ्या आणि १५ व्या दिवशी पुन्हा जा. तरीही नोंद होत नसेल, तर अर्ज टपालाने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागा. वकिलाच्या खर्चाची काळजी असेल, तर सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य वकील मिळतो. फोनवर विचारायचे असेल तर १५१००.

त्रास देणारा ऑफिसमधला असेल, तर पोलिसांखेरीज कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचाही मार्ग आहे. १० किंवा अधिक लोक काम करतात तिथे ती असावीच लागते, आणि रात्री घरी आलेला साहेबांचा मेसेज हाही तिच्या कक्षेत येऊ शकतो. मिहान या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपनीला हे माहीत असते. इतवारीतल्या चार-पाच कामगारांच्या दुकानात समिती नसते, तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार करायची असते. कॉलेजांमध्येही अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.

घरच्यांनी काय करावे

मुलगी सांगायला येते तेव्हा तिच्या मनात पहिली भीती त्या माणसाची नसते. मोबाइल जाईल, खोली सोडून गावी परत यावे लागेल, शिक्षण थांबेल, ही असते. म्हणून कितीतरी मुली सांगतच नाहीत. तिने तोंड उघडले की मोबाइल काढून घेऊ नका, "तू नंबर दिलाच कशाला" असे विचारू नका, आणि ती डीपीत कोणते कपडे घालते हा विषय काढू नका. तिच्याशेजारी बसा, वही काढा आणि तारखा लिहायला मदत करा. मूल १८ वर्षांखालचे असेल तर पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच लागू होतो, जबाब घरीच नोंदवता येतो आणि अधिकारी त्या वेळी गणवेशात नसावा अशी तरतूद आहे. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते, आणि नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात दाखवता येते. त्यासाठी तक्रारीचा निकाल लागण्याची वाट पाहू नका.

एफआयआर झाल्यावर पोलीस मोबाइल मागतील, कारण न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत तपासायला मूळ उपकरण लागते. देण्याआधी बँकेची ॲप, ओटीपी आणि कॉलेजचे ग्रुप यांची सोय दुसऱ्या मोबाइलवर करा, सिम परत मागा, पण फॅक्टरी रीसेट चुकूनही करू नका. मोबाइल कोणत्या स्थितीत, कोणत्या आयएमईआयसह घेतला हे जप्ती पंचनाम्यात लिहिले आहे का ते वाचा आणि त्याची प्रत घ्या. अहवालाला वेळ लागतो. तोपर्यंत तपास अधिकाऱ्याचे नाव आणि गुन्हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या, महिन्यातून एकदा जाऊन चौकशी करा, आणि तपासणी झाल्यावर मोबाइल सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करा.